ढिगारा उचलल्यानंतर: परतणारं रक्त इजा कशी करतं, याची पार्श्वभूमी

१९४०-४१ च्या हिवाळ्यात लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते. कोसळलेल्या घरांखालून काढलेली काही माणसं रुग्णालयात आणली जायची तेव्हा चांगली शुद्धीवर असायची. नाडी ठीक, बोलणं ठीक. तुळईखाली काही तास दबलेला पाय मात्र सुजत जायचा, त्याची संवेदना गेलेली असायची. काही तासांत अंग गार पडायचं, घाम फुटायचा, रक्तदाब उतरायचा. त्यातून सावरलं तर लघवी गडद आणि थोडी व्हायची, मग बंद व्हायची, आणि आठवड्याभरात मूत्रपिंडं निकामी होऊन माणूस जायचा. एरिक बायवॉटर्स आणि डेसमंड बील यांनी असे चार रुग्ण मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. चौघेही दगावले होते. आज यालाच आपण क्रश सिंड्रोम म्हणतो.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट वेळेची होती. पाय दबलेला असेपर्यंत माणूस तग धरतो आणि सुटका झाल्यावर ढासळतो. दबलेल्या स्नायूत रक्त पोचत नाही, पेशी मरतात, त्यांच्यातलं पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन तिथंच साचतं. वजन उचललं की रक्त पायात शिरतं आणि हा सगळा साठा घेऊन हृदयाकडे व मूत्रपिंडांकडे निघतो. गळक्या केशवाहिन्यांतून पाणी स्नायूत झिरपतं, म्हणून पाय फुगतो आणि रक्ताभिसरणातलं पाणी कमी पडतं. हे झालं दूरच्या अवयवांचं. पण ज्या स्नायूत रक्त परतलं, त्याचं स्वतःचं काय होतं? ते रक्त त्याला वाचवतं, की आणखी मारतं? पुढच्या सत्तर वर्षांचं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

१९६० मध्ये रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी ठरावीक मिनिटं बांधून पुन्हा सोडली. थोडा वेळ बांधून सोडलेल्या स्नायूत मृत्यूच्या खुणा फार लवकर दिसू लागल्या. रोहिणी कायम बांधून ठेवली तर त्याच खुणा उमटायला दिवसभर लागायचा. म्हणजे रक्ताच्या परतण्याने काहीतरी घाईने घडत होतं. पण या प्रयोगातून दोष ठरत नाही. आधीच मेलेली पेशी रक्त आल्यावर फक्त फुगून फुटली असेल, तर रक्ताने तिचा मृत्यू उघड केला, घडवला नाही. हा फरक नीट धरून ठेवला नाही तर या विषयावरचं निम्मं वाचन गोंधळात टाकतं.

१९७३ मध्ये डेव्हिड हर्स यांच्या गटाने हा गुंता अर्धा सोडवला. त्यांनी उंदराचं हृदय शरीराबाहेर नळीला जोडून त्यातून द्रावण वाहतं ठेवलं. द्रावणात प्राणवायू नव्हता, प्रवाह मात्र थांबलेला नव्हता. मग त्याच द्रावणात एकदम प्राणवायू सोडला, आणि पेशींच्या आत राहायला हवीत ती एन्झाइम्स भसाभस बाहेर पडू लागली. बदलला होता फक्त प्राणवायू, त्यामुळे वाहण्याचा धक्का, दाब, रक्तातल्या पेशी या सगळ्या शंका बाजूला पडल्या. या घटनेला ‘ऑक्सिजन पॅराडॉक्स’ हे नाव पडलं.

प्राणवायू घातक कसा ठरू शकतो, याचं उत्तर वेगळ्या वाटेने येत होतं. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी १९५४ मध्येच सायन्समध्ये लिहिलं होतं की जादा प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा असावी, ती म्हणजे मुक्त मूलकं: एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे शेजारच्या रेणूंवर तुटून पडणारे रेणू. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही, कारण असे रेणू जिवंत पेशीत टिकतील असं कुणाला वाटत नव्हतं. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना गाईच्या तांबड्या पेशींतल्या एका प्रथिनाचं काम कळलं. ते प्रथिन तांबं असलेलं म्हणून १९३८ पासून माहीत होतं, त्याचं काम मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते सुपरऑक्साइड नष्ट करतं. शरीराने सुपरऑक्साइड मोडण्यासाठी खास एन्झाइम राखून ठेवलंय म्हणजे सुपरऑक्साइड शरीरात तयार होतच असणार, हा तर्क सरळ होता, आणि त्याने सगळं चित्र पालटलं.

सुपरऑक्साइड म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा मिळालेला प्राणवायू. तो स्वतः फार जहाल नाही. त्याच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि मोकळ्या लोखंडाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. ते जिथं जन्मतं तिथलंच जे हाती लागेल ते जाळतं: पेशीपटलातली मेदाम्लं, प्रथिनं, डीएनए. मेदाम्लांची साखळी एकदा पेटली की शेजारच्या रेणूंना पकडत जाते आणि पेशीपटल गळू लागतं.

१९८१ मध्ये नील ग्रेंजर, जियानकार्लो रुटिली आणि मॅकॉर्ड यांनी मांजरांच्या आतड्यावर काम करून सांगितलं की सुपरऑक्साइड रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्यात तयार होतं आणि सुपरऑक्साइड नष्ट करणारं एन्झाइम आधी दिलं तर इजा घटते. उगमही सुचवला. रक्त नसताना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मोडत मोडत हायपोझँथिनपर्यंत येतं आणि साचतं. त्याच काळात झँथिन डीहायड्रोजनेज हे एन्झाइम आपलं रूप बदलून झँथिन ऑक्सिडेज होतं. कच्चा माल तयार, यंत्र तयार, कमी फक्त प्राणवायूची. रक्त परतलं की तीही भरून निघते, आणि यूरिक आम्लासोबत सुपरऑक्साइडचा लोट निघतो.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८६ चा पार्क्स आणि ग्रेंजर यांचा साधा प्रयोग. आतड्याला ४ तास रक्त दिलं नाही तर किती इजा, आणि ३ तास रक्त न देता चौथ्या तासाला ते परत सोडलं तर किती? दुसऱ्या आतड्याला उपासमार कमी झाली होती, तरी श्लेष्मल अस्तराची हानी त्याचीच जास्त निघाली. जेनिंग्जच्या प्रयोगातून उरलेल्या शंकेला हे थेट उत्तर होतं. निदान आतड्यात तरी परतणारं रक्त स्वतः इजा करतं.

पुढच्याच वर्षी जय झ्वायर आणि सहकाऱ्यांनी सशांच्या हृदयात मूलकं प्रत्यक्ष मोजली. रक्तपुरवठा तोडून पुन्हा प्रवाह सुरू केला, आणि दहा सेकंदांत हृदय चिमट्यात धरून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवलं. मूलकांचा लोट पहिल्या काही सेकंदांतच उसळलेला होता. नंतर जी औषधं अपयशी ठरली, त्यांचं बरंचसं कारण या दहा सेकंदांत आहे.

तोवर हृदयविकाराचा उपचारच बदलला होता. इटलीतल्या जिसी या अभ्यासात सुमारे ११,७०० रुग्णांवर पाहिलं गेलं की स्ट्रेप्टोकायनेज देऊन गुठळी विरघळवली तर २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर येतात. पहिल्या तासात दिलं तर फायदा कितीतरी अधिक. हे इथं मुद्दाम सांगायला हवं, कारण परतणाऱ्या रक्ताने इजा होते असं वाचून ‘मग रोहिणी उघडायचीच कशाला’ असा उलटा अर्थ काढला जातो. कुत्र्यांवरच्या जेनिंग्ज आणि राइमर यांच्या आकड्यांत उत्तर आहे. रोहिणी ४० मिनिटं बंद राहिली तर धोक्यातल्या स्नायूपैकी ३८ टक्के मरतो, ३ तासांनी ५७, ६ तासांनी ७१. उशीर झाला की परतणाऱ्या रक्ताने वाचवायला फारसं काही उरतच नाही.

मग औषधांची पाळी आली, आणि इथं निराशा झाली. १९९४ मध्ये फुग्याने रोहिणी उघडताना सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम १२० रुग्णांवर तपासलं गेलं. हृदयाच्या आकुंचनात फरक पडला नाही. कारणं अनेक असणार. ते प्रथिन मोठं असल्यामुळे पेशीच्या आत शिरत नाही, आणि लोट तर आत उठतो. माणसाच्या हृदयात झँथिन ऑक्सिडेजही फार थोडं असतं. उंदराच्या आणि आतड्याच्या प्रयोगांवर भिस्त ठेवण्यात हीच चूक होती. शिवाय गुठळी थोडी थोडी सरकताना रक्त आधीच झिरपू लागलेलं असतं.

दरम्यान दोषींची यादीही वाढली. रक्त थांबलं की पेशी आंबट होते. परतलेलं रक्त बाहेरचं आम्ल झटक्यात धुऊन नेतं, तेव्हा पेशी आतलं आम्ल सोडियमच्या बदल्यात बाहेर टाकते, आणि तो सोडियम काढण्यासाठी कॅल्शियम आत घेते. कॅल्शियम आणि मूलकं मिळून मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, पटलात एक छिद्र उघडतात. ते उघडं राहिलं की पेशी संपली. हे छिद्र बंद ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिनने २००८ मध्ये छोट्या अभ्यासात आशा दाखवली, पण २०१५ च्या ९७० रुग्णांच्या अभ्यासात ती टिकली नाही. हृदयाला ५ मिनिटांच्या चार छोट्या उपासमारींनी आधी तयार केलं तर पुढच्या ४० मिनिटांतली हानी चौथ्या हिश्शावर येते, हे चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांत दाखवलं होतं. झटका येण्याआधी तयारी कोण करणार? म्हणून दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून-सोडून तोच परिणाम साधायचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांवर तोही निष्फळ ठरला.

जिथं रक्त परतण्याची वेळ आपल्या हातात असते, तिथं चित्र बरं आहे. १९८० च्या दशकात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी विस्कॉन्सिनमध्ये बनवलेल्या अवयव-जतन द्रावणात लिटरमागे १ मिलिमोल ॲलोप्युरिनॉल झँथिन ऑक्सिडेज रोखण्यासाठी आणि ३ मिलिमोल ग्लुटाथायोन मूलकं टिपण्यासाठी असतं. ग्लुटाथायोन साठवणीत खराब होतं, म्हणून ते वापरायच्या वेळी ताजं घालणं चांगलं. त्याच द्रावणात पोटॅशियम सुमारे १२५ मिलिमोल असतं. प्रत्यारोपणात यकृत जोडल्यावर हे द्रावण आधी धुऊन न काढता क्लॅम्प (रक्तवाहिनीवरचा चिमटा) सोडला तर हा साठा थेट हृदयाकडे जातो. तसं धुऊनही क्लॅम्प सुटल्यावर पहिल्या ५ मिनिटांत रक्तदाब ३० टक्क्यांहून अधिक उतरू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ कॅल्शियम आणि रक्तदाब वाढवणारी औषधं सिरिंजमध्ये भरूनच उभे असतात.

ढिगाऱ्याच्या जागीही तेच. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या टायर इथं कोसळलेल्या इमारतीतून काढलेल्या, गंभीर क्रश-इजा झालेल्या सात जणांना सुटकेच्या वेळीच शिरेतून द्रव सुरू केले आणि एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही. त्यावरून आजची पद्धत घडली: तुळई उचलण्याआधी, अडकलेल्या माणसाच्या मोकळ्या हातात शीर शोधून साधं सलाईन, प्रौढाला तासाला सुमारे १ लिटर. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम आहे. जीवघेणा रक्तस्राव असल्याशिवाय पायाला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा) बांधायचा नाही.

मुक्त मूलकांच्या उगमाबद्दलचं चित्र २०१४ मध्ये पुन्हा बदललं. तोवर मायटोकॉन्ड्रियातून ती इकडून तिकडून गळतात असं मानलं जायचं. एडवर्ड चौचानी, मायकेल मर्फी, थॉमस क्रीग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्त नसताना सक्सिनेट नावाचा एक पदार्थ साचतो आणि प्राणवायू येताच भराभर जळतो. त्याच्या जोराने इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीतल्या (मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणाऱ्या प्रथिनांच्या ओळीतल्या) पहिल्या संकुलात उलटे ढकलले जातात, आणि सुपरऑक्साइड तिथं, नेमकं तिथंच, बनतं. सक्सिनेट जाळणारं एन्झाइम मॅलोनेटने रोखलं तर उंदरांत हानी घटते. मात्र साठा काही मिनिटांतच जळून जातो, त्यामुळे फुगा फुगवण्याआधी औषध रक्तात असलं पाहिजे आणि बंद रोहिणीपलीकडच्या स्नायूत ते पहिल्या थेंबाबरोबरच पोचलं पाहिजे.