उत्खननात किंवा फील्डवर्कला जायचंय? अर्जाआधी हे वाचा

उत्खननाच्या परवानगीसाठी विद्यार्थ्याने धावपळ करायची नसते. तो अर्ज विद्यापीठ किंवा संस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करते. आपला अर्ज असतो तो त्या चमूत जागा मिळवण्यासाठी, आणि तो जातो विभागप्रमुखांकडे.

खणण्याची संधी क्वचित येते. मुंबईत विद्यार्थ्यांना खरं काम मिळतं ते सर्वेक्षणात. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आणि पार्ल्याचं साठये कॉलेज यांच्या साष्टीच्या (मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याच्या) सर्वेक्षणात विद्यार्थी गावठाणं, देवळं, तलाव पायी फिरले आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) यांच्या नोंदी केल्या. देवळामागे शेंदूर फासलेला दगड हजारेक वर्षांपूर्वीच्या शिलाहार राजांच्या काळातला निघतो तेव्हा काय वाटतं, ते तिथे उभं राहूनच कळतं.

पात्रता साधी आहे: चालू वर्षाचा प्रवेश आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची शिफारस. प्राचीन भारतीय संस्कृती, इतिहास, समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र शिकत असाल तर उत्तमच, पण विज्ञानाच्या मुलांनीही विचारून पाहावं. माती, हाडं, धातू यांच्या अभ्यासात त्यांची गरज पडते.

अर्जासोबत बोनाफाईड, ओळखपत्राची प्रत, फोटो, पालकांचं संमतिपत्र आणि डॉक्टरांचा दाखला तयार ठेवा. एकदा आमच्या संस्थेच्या पत्रावर शिक्का मारायचा राहिला होता. वॉचमनने फाटकावरूनच परत पाठवलं आणि अख्खा रविवार गेला. म्हणून पत्राच्या दोन प्रती घ्या, दोन्हींवर जावक क्रमांक आणि शिक्का तपासा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकिटाच्या वाटा सोडून काम करायचं असेल तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते. तीही संस्थेमार्फतच मागा, आणि बरीच आधी.

मानवशास्त्राच्या कामात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे माहिती देणाऱ्याची संमती. कोळीवाड्यात किंवा आरेच्या पाड्यावर जाणार असाल तर संमतिपत्र सोप्या मराठीत लिहा आणि स्वतः वाचून दाखवा. नाव छापायचं का, आवाज रेकॉर्ड करायचा का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. कुणी "नको" म्हणालं तर वही मिटायची. मावशींनी चहा दिला म्हणजे मुलाखतीला होकार दिला, असं होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलण्याआधी पालकांचीही संमती घ्या.

सर्वेक्षणात सापडलेली खापरी, नाणं, मूर्तीचा तुकडा खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, ठिकाण नोंदवा आणि लगेच सरांना किंवा मॅडमना कळवा. उचललेल्या खापरीची जागा हरवते, आणि जागा हरवली की ती काही सांगू शकत नाही.