वाटेतच राहिलेले बँड: पोस्ट-पंकची पार्श्वभूमी, पुण्यातून पाहताना

एफसी रोडवर किंवा डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या रेषा हमखास दिसतात. ती आकृती मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या पहिल्या अल्बमच्या, १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स'च्या वेष्टनावरची. मुळात ती एका पल्सारची, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याची नोंद आहे, जोसेलिन बेल यांना १९६७ साली केंब्रिजमध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारची. पुणेकराला तर ती जवळची वाटायला हवी. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत आणि पल्सारांचा अभ्यास हे त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या मुख्य कामांपैकी एक आहे.

जॉय डिव्हिजनची ओळख करून देण्याची आता गरज उरलेली नाही. पण त्याच तीन-चार वर्षांत, त्याच देशात, तितक्याच ताकदीचं पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकच्या पहिल्या लाटेनंतरचं, संगीत करणारे इतरही बँड होते. 'द साउंड', 'कॉमसॅट एंजल्स', 'कमीलियन्स', 'यंग मार्बल जायंट्स'. मनापासून रॉक ऐकणाऱ्या पुणेकरालाही ही नावं बहुधा परकी वाटतील. असं का झालं हे शोधायला गेलं की रेकॉर्ड कोण छापत होतं, ती दुकानापर्यंत कोण पोचवत होतं आणि मध्येच कोणाचे पैसे संपले, याचाच इतिहास हाती लागतो. संगीताच्या दर्जाचा त्यात फार थोडा संबंध आहे.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये 'सेक्स पिस्टल्स' या पंक, म्हणजे साधं, वेगवान, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम झाला. तो भरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. प्रेक्षक मोजकेच होते, पण त्यातल्या अनेकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. डेव्होटो आणि शेली यांच्या 'बझकॉक्स'नं तर कोणत्याही कंपनीची वाट पाहिली नाही. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिली छपाई १००० प्रतींची. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं हेही त्यांनी वेष्टनावर छापलं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही जमेल.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९५५ मध्ये 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघालं आणि साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची रांग लागली, तेव्हा अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या पिढीनं हेच केलं होतं. प्रस्थापित संपादक छापत नाहीत, तर आपण छापू. त्या अंकांचं पुढे जे झालं तेच या रेकॉर्डांचंही झालं. प्रती थोड्या, वाटप हातोहात आणि दहा-वीस वर्षांनी शोधायला जावं तर मिळायची मारामार.

पंकची पहिली लाट दोनेक वर्षांत ओसरली आणि मग खरी मजा सुरू झाली. तीन कॉर्ड आणि आरडाओरडा एवढ्यावर भागत नाही, हे या मुलांना लवकर कळलं. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जमैकन लोकांच्या वस्त्यांमधून रेगे आणि रेगेच्याच रेकॉर्डिंगची मोडतोड करून घडवलेलं डब ऐकू येत होतं. डबमध्ये बास गिटार पुढे असते, बाकीची वाद्यं येतात आणि जातात, मध्ये मोकळी जागा राहते. पोस्ट-पंकनं ही मोकळी जागा उचलली. चाल बास गिटारकडे गेली, गिटारनं सोलो वाजवणं सोडून ओरखडे काढायला सुरुवात केली. लीड्सच्या 'गँग ऑफ फोर'च्या अँडी गिलची गिटार ऐकली की हे लगेच कळतं. 'वायर'नं १९७७ च्या 'पिंक फ्लॅग'मध्ये साधारण ३५ मिनिटांत २१ गाणी बसवली आणि दोनच वर्षांत '१५४' या अल्बमपर्यंत स्वतःचा चेहराच बदलून टाकला. 'रेनकोट्स' आणि 'स्लिट्स' या मुलींच्या बँडांनी १९७९ मध्ये जे केलं त्याला रॉकमध्ये आधीचा नमुनाच नव्हता. त्या दोघींवर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

हे सगळं दुकानात पोचवण्याचं काम प्रामुख्यानं रफ ट्रेडनं केलं. जेफ ट्रॅव्हिसनं १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये काढलेलं हे रेकॉर्डचं दुकान. दुकानातून लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, झालं आणि पुढे देशभरच्या छोट्या दुकानांनी मिळून 'कार्टेल' नावाचं वितरणाचं जाळं विणलं. तोवर बीबीसीवर जॉन पील रात्री ही गाणी वाजवतच होता. यंत्रणा छोटी होती, पण चालत होती. १९९१ मध्ये रफ ट्रेडचं वितरण कोसळलं, पुढच्याच वर्षी जॉय डिव्हिजनची कंपनी फॅक्टरी दिवाळखोरीत निघाली. या पडझडीत छोट्यांची नावं आधी पुसली जातात.

मोठ्या कंपनीकडे गेलेल्यांचं तरी भलं झालं का? द साउंडची गोष्ट मला फार लागते, म्हणून इथे थोडं थांबतो. दक्षिण लंडनच्या एड्रियन बोरलंडचा हा बँड. १९८० चा 'जेपर्डी' अगदी कमी खर्चात केलेला, कोरडा, घाईतला आणि जिवंत. पुढच्या वर्षीचा 'फ्रॉम द लायन्स माउथ' हा माझ्या मते त्या दशकातल्या सर्वोत्तम रॉक अल्बमांपैकी एक. वॉर्नरच्या छत्राखालच्या 'कोरोव्हा' या लेबलनं तो काढला आणि निर्माता होता ह्यू जोन्स. त्याच वर्षी, त्याच लेबलवर, त्याच ह्यू जोन्ससोबत 'एको अँड द बनीमेन'नं 'हेवन अप हिअर' केला. तो ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेला. द साउंडचा अल्बम समीक्षकांनी वाखाणला आणि तिथेच थांबला. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत. दर्जात एवढं अंतर कुठेच सापडत नाही.

कंपनीनं मग अधिक खपेल असं काही मागितलं. बँडनं १९८२ मध्ये 'ऑल फॉल डाउन' हा मुद्दाम अधिक खडबडीत अल्बम हातात ठेवला आणि करार संपला. नेदरलँड्समधल्या श्रोत्यांनी त्यांना शेवटपर्यंत साथ दिली, मायदेशानं दिली नाही. १९८८ मध्ये बँड फुटला. बोरलंड एकट्यानं गात राहिला, मानसिक आजाराशी झगडत राहिला आणि १९९९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. 'विनिंग' हे त्याचं गाणं ऐकताना हे माहीत असणं जड जातं. तरी त्या गाण्यातली जगण्याची जिद्द खरी आहे, पुढे काय घडलं त्यानं ती खोटी ठरत नाही.

शेफील्डच्या कॉमसॅट एंजल्सना वेगळीच अडचण आली. अमेरिकेत उपग्रहांच्या कॉमसॅट कंपनीनं नावावर हरकत घेतली आणि तिथे त्यांना 'सी. एस. एंजल्स' व्हावं लागलं. आधीच कमी लोकांना माहीत असलेला बँड दोन नावांत वाटला गेला. १९८१ चा 'स्लीप नो मोअर' मात्र ऐकाच, त्यातले ड्रम ओस पडलेल्या कारखान्यात वाजवल्यासारखे घुमतात. मँचेस्टरजवळच्या मिडलटनचे कमीलियन्स यांच्या १९८३ च्या 'स्क्रिप्ट ऑफ द ब्रिज'मध्ये दोन गिटारी एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की कोणती कुठली ते कळत नाही. त्याची अमेरिकन आवृत्ती कंपनीनं गाणी कापून काढली. पुढे मोठा करार झाला, तर १९८७ मध्ये व्यवस्थापकाचा अचानक मृत्यू झाला आणि बँड मोडला. कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सनी तर १९८० च्या 'कलोसल यूथ'नंतर दुसरा स्टुडिओ अल्बम केलाच नाही. ड्रमर नाही, ताल कॅसेटवर रेकॉर्ड केलेल्या यंत्राचा, आणि अ‍ॅलिसन स्टॅटनचा कसलाही अभिनय नसलेला आवाज.

यातलं पुण्यात काय पोचत होतं? ऐंशीच्या दशकात परदेशी संगीत इथे यायचं ते एचएमव्ही, सीबीएस, म्युझिक इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या परवान्यांतून. जे बाहेर आधीच तुफान खपलं आहे त्याचीच कॅसेट कॅम्पातल्या दुकानात दिसायची. एखाद्या लंडनच्या दुकानदाराच्या लेबलसाठी इथे परवाना घेणार कोण? म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांतल्या बँडांचं शिक्षण डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन यांच्यावर झालं. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त एक अख्खं दालन बंद राहिलं. नव्वदच्या दशकात केबलवर एमटीव्ही आला, १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागलं आणि 'निर्वाणा', 'आर.ई.एम.' ही नावं घरोघरी झाली. पण ती मुळांशिवाय आली. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन रेनकोट्स आणि यंग मार्बल जायंट्सबद्दल भरभरून बोलायचा, पोर्टलंडच्या 'वायपर्स'ची गाणी निर्वाणानं स्वतः वाजवली. आर.ई.एम.च्या पीटर बकनं न्यू जर्सीच्या 'फीलीज'चा १९८६ चा अल्बम घडवायला मदत केली. ही साखळी इथल्या पडद्यावर दिसलीच नाही.

त्यातही एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. तजिंदर सिंगच्या 'कॉर्नरशॉप'चं १९९७ चं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं आशा भोसले यांच्यावर आहे, लता आणि रफी यांचीही नावं त्यात येतात. डीजे नॉर्मन कुकच्या रिमिक्समुळे ते फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि बँडची ओळख तेवढ्यावरच अडकली. ते गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो पूर्ण ऐकावा, शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत आहे. याच्या कितीतरी आधी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये 'मोनोक्रोम सेट' सुरू झाला होता. त्याचा गायक बिड, म्हणजे गणेश शेषाद्री, भारतीय वंशाचा. १९८० चा त्यांचा 'स्ट्रेंज बुटीक' इतका चपळ आणि नखरेल आहे की तो आपल्याकडे चाळीस वर्षं कोणी वाजवला नाही याची हळहळ वाटते.

पुण्याला सर्वात जवळचं वाटावं असं गाव मात्र न्यूझीलंडमध्ये आहे. ड्युनेडिन, विद्यापीठाचं गाव, विद्यार्थ्यांनी भरलेलं, राजधानीपासून आणि मोठ्या बाजारपेठेपासून दूर. १९८१ मध्ये क्राइस्टचर्चला रॉजर शेफर्डनं 'फ्लाइंग नन' हे लेबल काढलं आणि ड्युनेडिनच्या 'क्लीन', 'चिल्स', 'व्हर्लेन्स' या बँडांना घर मिळालं. क्लीनची 'बूडल बूडल बूडल' ही पाच गाण्यांची रेकॉर्ड चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर केली गेली आणि देशाच्या खपाच्या यादीत कित्येक महिने राहिली. २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला, तेव्हापासून स्वतःची गाणी करणाऱ्या इथल्या मुलांना मंच मिळू लागला. त्यांनी ड्युनेडिनचा हा काळ जरूर अभ्यासावा.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी रेकॉर्डच्या ढिगात यातलं काही मिळेल अशी आशा ठेवू नये, जे इथे आलंच नाही ते भंगारात तरी कुठून येणार? पण बहुतेक अल्बम आता स्ट्रीमिंगवर आहेत. शोधताना नाव पूर्ण टाइप करावं लागतं, ती अ‍ॅप्स आपणहून हे पुढे करत नाहीत. 'फ्रॉम द लायन्स माउथ'पासून सुरुवात करावी, पहिल्या गाण्यापासून क्रमानं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, बास गिटार त्यात बुडते आणि चाल तिच्याकडेच आहे. त्यानंतर 'कलोसल यूथ', मग क्लीनची ती पाच गाणी.