कोळंबीतलं आर्सेनिक म्हणजे सोमल नव्हे: 'टोटल' आणि 'स्पेसिएशन' यांतला फरक

समजा, दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवलेत. एक तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या कोळंबीचा: आर्सेनिक ३ मिलिग्रॅम प्रति किलो. दुसरा वाशीच्या दाणाबंदरातून आणलेल्या पांढऱ्या तांदळाचा: ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो. आकडे बघून कोणीही कोळंबी बाजूला सारेल आणि भात वाढून घेईल. खरं तर आधी चौकशी करायला हवी ती तांदळाची.

दोन्ही रिपोर्टांत 'टोटल आर्सेनिक' आहे. म्हणजे नमुन्यातले आर्सेनिकचे सगळे अणू मोजले; ते कोणत्या संयुगात होते याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. जुन्या माणसांना विष म्हणून माहीत असलेला सोमल हा आर्सेनिकचा ऑक्साइड, म्हणजे असेंद्रिय आर्सेनिक, तीन संयुजेचं. पाण्यात आणि धान्यात त्याच्या जोडीला पाच संयुजेचं रूपही असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या असेंद्रिय रूपांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलंय. कोळंबी, खेकडे, माशांत मात्र बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेनच्या रूपात असतं. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या रॉक लॉबस्टरमधून ते ओळखलं गेलं. शरीर त्याला हात लावत नाही, लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर टाकतं. त्याच संस्थेने त्याला तिसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे कर्करोगकारक म्हणून वर्ग करता येत नाही असं. मधे डीएमए आणि एमएमए ही मिथिलयुक्त रूपं. ती '२ बी' गटात, म्हणजे कदाचित कर्करोगकारक.

तांदळाचं कोडं याहून गुंतागुंतीचं. लॅबमध्ये पद्धत तपासायला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं १५६८बी हे तांदळाचं प्रमाणित पीठ वापरतात. त्यात टोटल आर्सेनिक ०.२८५ मिलिग्रॅम प्रति किलो. त्यापैकी डीएमए ०.१८०, एमएमए सुमारे ०.०१२ आणि असेंद्रिय फक्त ०.०९२. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या मंडळाची, पॉलिश तांदळासाठीची मर्यादा ०.२ आहे, पण ती असेंद्रिय आर्सेनिकची. टोटलचा आकडा त्या मर्यादेशी ताडला तर हे पीठ नापास. योग्य आकडा ताडला तर मर्यादेच्या निम्म्याखाली. दुसऱ्या तांदळात वाटणी उलटी निघू शकते, म्हणून ०.३ टोटल असलेल्या तांदळाबद्दल स्पेसिएशन, म्हणजे प्रत्येक रूप वेगळं मोजणं, केल्याशिवाय काहीच बोलता येत नाही. टोटलच ०.२ च्या खाली आलं तर मात्र थांबावं. भाग पूर्णापेक्षा मोठा होत नाही, पुढचा खर्च कशाला?

आता लॅबच्या बाकावर काय होतं ते.

टोटलसाठी नमुना पूर्ण मोडून टाकायचा असतो; यालाच डायजेशन म्हणतात. साधारण ०.५ ग्रॅम वाळवलेला, दळलेला नमुना, त्यात काही मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. थंड झाल्यावर ५० मिलिलिटरपर्यंत पाणी. म्हणजे शंभरपट पातळ: ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो हे यंत्रापुढे २ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होऊन येतं. आयसीपी-एमएस, म्हणजे तप्त प्लाझ्मात अणू आयनित करून वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र, ते ७५ या वस्तुमानावर मोजतं. गोम इथेच आहे. प्लाझ्मा आर्गॉनचा, आणि कोळंबीत मीठ भरपूर. आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ जोडीने आले की तेही ७५. म्हणून अशा जोड्या अडवणारी हेलियमची कोलिजन सेल चालू ठेवतात, आणि डायजेशनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल शक्यतो टाळतात. सॅम्पलमध्ये न जळलेला कार्बन उरला तर आर्सेनिकचा सिग्नल उलट फुगतो, त्यामुळे स्टँडर्डमध्येही तेवढाच कार्बन घालून समतोल साधावा लागतो.

आर्सेनिकचा हायड्राइड वायू करून तो प्रकाशशोषणाने मोजणाऱ्या जुन्या एएएस यंत्रात वेगळाच घोळ. आर्सेनोबिटेनपासून हायड्राइड वायू तयारच होत नाही. नेहमीच्या तापमानाच्या डायजेशनमध्ये ते बरंचसं शाबूत राहतं, त्यामुळे कोळंबीचं 'टोटल' आर्सेनिक नगण्य दिसतं. रिपोर्ट पाहून ग्राहक खूश, आणि आकडा पूर्ण चुकीचा. मॅग्नेशियम नायट्रेट घालून राख केली तर सुटका होते. शिवाय पाच संयुजेचं आर्सेनिक पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने आधी तीनवर आणावं लागतं; हा टप्पा घाईत उरकला तर पाण्याचाही आकडा कमी येतो.

स्पेसिएशनमध्ये नेमकं उलट धोरण: काहीही मोडायचं नाही, फक्त अलगद बाहेर काढायचं. तांदळासाठी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाची पद्धत आहे ०.२८ मोलर नायट्रिक आम्ल, ९५ अंश, ९० मिनिटं. मग एचपीएलसी या द्रव वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, ऋणभारित रूपांना अडवणाऱ्या ॲनायन एक्स्चेंज कॉलममधून रूपं वेगळी होत बाहेर येतात आणि आयसीपी-एमएस मागे बसून ७५ मोजत राहतं. आर्सेनोबिटेन आणि तीन संयुजेचं आर्सेनिक या कॉलमवर फारसे अडकत नाहीत, दोघंही सुरुवातीलाच जवळजवळ बाहेर पडतात. तांदळात आर्सेनोबिटेन जवळपास नसतंच, तिथे चालून जातं. कोळंबीत मात्र त्याचा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी खरं विष लपतं. म्हणून सागरी नमुन्यांत काढतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. तीन संयुजेचं सगळं आर्सेनिक पाचवर जातं आणि कॉलममधून बऱ्याच उशिरा, एकट्याने येतं. युरोपचं ईएन १६८०२ मानक याच युक्तीवर उभं आहे. तीन किती, पाच किती हे यात कळत नाही, पण कायद्याला हवी असते बेरीजच. मिठाचा क्लोराइडही कॉलममधून आपल्या वेळी बाहेर येतो, तेव्हा हेलियम इथेही हवंच.

चांगल्या लॅबचा कागद ओळखायची एक खूण: सगळ्या रूपांची बेरीज टोटलशी ताडून दाखवलेली असते. तेलकट माशात बेरीज कमी पडली तर ते समजण्यासारखं आहे, कारण चरबीत विरघळणारी आर्सेनिक संयुगं पातळ आम्लात येत नाहीत. तांदळात निम्मीच बेरीज आली तर मात्र काढण्यात गडबड आहे. आणि आकडे 'आर्सेनिक म्हणून' लिहिलेत की 'संयुग म्हणून', तेही विचारा. आर्सेनोबिटेनचा रेणुभार १७८, आर्सेनिकचा अणुभार ७५. एकाच नमुन्याचे आकडे सव्वादोन पटींहून जास्त फरकाने येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

इथवर वाचून 'सेंद्रिय रूप म्हणजे निर्धोक' असं डोक्यात बसलं असेल तर ते लगेच काढून टाका. (दुकानातल्या 'सेंद्रिय तांदळा'शीही या शब्दाचा काही संबंध नाही.) पाऱ्याचं गणित याच्या नेमकं उलट. पाऱ्याचं सेंद्रिय रूप, मिथाइल मर्क्युरी, हेच सर्वांत घातक. १९५६ साली जपानच्या मिनामातामध्ये समोर आलेला आजार याचाच. माशाच्या मांसातल्या प्रथिनांना ते घट्ट चिकटतं आणि मोठा मासा छोट्याला खात गेला की वर वर साचतं. मुशी, कुपा, मोठी सुरमई यांत जास्त. बोंबील, मांदेली, बांगडा यांत कमी. शिकारी माशांच्या मांसात एकूण पाऱ्याचा बहुतांश भाग मिथाइल मर्क्युरीच असतो. त्यामुळे दिवाळे गावच्या मासळी बाजारातल्या सुरमईसाठी टोटल पारा मोजला तरी उत्तर जवळपास मिळतं. टोटल मर्यादेखाली असेल तर स्पेसिएशनचा आग्रह म्हणजे पैसे पाण्यात. कोडेक्सने २०१८ मध्ये मिथाइल मर्क्युरीच्या मर्यादा ठरवल्या, ट्यूनाला १.२ आणि शार्कला १.६ मिलिग्रॅम प्रति किलो.

लॅबमध्ये एक गंमत चालते: 'डीएमए' म्हणजे डायमिथाइल आर्सेनिक आम्लही आणि पारा थेट मोजणारं यंत्रही. फोनवर काय बोललात ते अर्जावर नीट लिहा.

पाण्याकडे वळलं की भांडण बाटलीतच सुरू होतं. टोटलसाठी बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात, म्हणजे धातू भिंतीला चिकटत नाहीत. हीच बाटली स्पेसिएशनला चालत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर बाटलीत हवा लागताच गंज तयार होतो, तीन संयुजेचं आर्सेनिक पाचवर जातं आणि गाळाबरोबर खाली बसतं. म्हणून जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, लोह पकडून ठेवायला ईडीटीए घालून, अंधारात आणि थंड ठेवून पाठवतात. क्रोमियमचं तर साफ उलट: सहा संयुजेचं विषारी क्रोमियम आम्लात तीनवर उतरतं, त्यामुळे नमुना सामू ९ च्या वर अल्कलीत ठेवावा लागतो. आम्ल घातलेल्या बाटलीतून आलेलं 'सहा संयुजेचं क्रोमियम: आढळलं नाही' हे उत्तर बाटलीचं आहे, पाण्याचं नव्हे.

पिण्याच्या पाण्याला मात्र बहुतेक वेळा स्पेसिएशनची गरजच नसते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि ती टोटलची. महापालिकेचं क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर आर्सेनिक जे काही असेल ते पाच संयुजेचंच असणार. घोडबंदर रोडच्या सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी आरओला जोडायचं असेल आणि टोटल मर्यादेच्या वर असेल, तेव्हा रूप विचारावं. तीन संयुजेच्या आर्सेनिकवर सामू ९ पर्यंत जवळपास विद्युतभारच नसतो, ते आरओच्या पडद्यातून बऱ्यापैकी निसटतं. आधी क्लोरीन देऊन ते पाचवर आणलं तर अडतं. उकळून काही साधत नाही. वाफ उडते, आर्सेनिक तिथेच.

सुकट, सोडे, जवळा यांचे रिपोर्ट वाचताना ओलं वजन की सुकं, ते पाहा. ताज्या कोळंबीत पाऊणहून जास्त पाणी असतं. वाळवली की तेच आर्सेनिक चार-पाचपट दिसतं, वाढलेलं काहीच नसतं. भाताचं उलट करता येतं. एकास सहा ते दहा पट पाण्यात शिजवून पेज काढली, म्हणजे वेळून भात केला, तर असेंद्रिय आर्सेनिकचा ४० ते ६० टक्के भाग पाण्याबरोबर जातो, अर्थात पाणी स्वच्छ असेल तर. हातसडीचा तांदूळ घेणाऱ्यांनी हे जरूर करावं. कोंड्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त साठतं, म्हणूनच कोडेक्सने कोंड्यासकटच्या तांदळाला ०.३५ ची सैल मर्यादा दिली आहे.

नमुना देण्याआधी लॅबच्या एनएबीएल स्कोपची, म्हणजे तिला मान्यता मिळालेल्या चाचण्यांची यादी उघडून पाहा. तिथे पदार्थ, घटक, पद्धत आणि मोजण्याची कक्षा ओळीने लिहिलेली असते. 'पाणी: आर्सेनिक' अशी नोंद असली म्हणून 'सीफूड: असेंद्रिय आर्सेनिक' मिळेलच असं नाही. अर्जात तीन गोष्टी हव्यात: कोणतं रूप, कोणत्या मर्यादेशी ताडायचं, ओल्या वजनावर की सुक्या. शक्य असेल तर त्याच प्रकारच्या प्रमाणित पदार्थाचा आणि स्पाइक रिकव्हरीचा (मुद्दाम घातलेलं आर्सेनिक किती परत सापडलं त्याचा) निकालही मागा.

हाच गोंधळ दवाखान्यातही होतो. लघवीतलं टोटल आर्सेनिक तपासायला सांगितलं असेल आणि आदल्या रात्री कोळंबीचं कालवण झालं असेल, तर आकडा घाबरवणारा येतो आणि त्यात बहुतेक आर्सेनोबिटेनच असतं. नमुना देण्याआधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, शिंपल्या बंद ठेवा, नाहीतर लॅबला असेंद्रिय आणि मिथिलयुक्त रूपं वेगळी करून द्यायला सांगा.