टॉमी जॉन ऑपरेशन केलं की स्पीड वाढतो? छे!

बेसबॉलवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय की कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन केलं की बॉल आधीपेक्षा फास्ट जातो, काही पालक तर म्हणे धडधाकट पोराचंही करून टाका म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात! अहो, ज्याच्या नावाने ते ऑपरेशन आहे तो डावखुरा अमेरिकन पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) टॉमी जॉन स्पीडवाला नव्हताच, त्याचा हुकमी बॉल म्हणजे सिंकर, बॅट्समनपाशी येऊन खाली बसणारा. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोबनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) काढून डाव्या कोपरात तुटलेल्या लिगामेंटच्या (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्टीच्या) जागी बसवला, १९७५ चा अख्खा सीझन गेला, मग गडी १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या नावावरच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे! नवा टेंडन फक्त मोडलेलं जोडतो, स्पीड वाढलाच तर तो वर्षभर घाम गाळून केलेल्या खांदा-पायांच्या व्यायामाचा.