सांधरेषा

अंतःक्षेपण पद्धतीच्या साचेकामात (इंजेक्शन मोल्डिंगमध्ये) वितळलेल्या प्लॅस्टिकचे दोन प्रवाह साच्याच्या पोकळीत एकमेकांना भिडून थिजतात, त्या जागी वस्तूवर उमटणाऱ्या रेषेस सांधरेषा म्हणतात. कारखान्यात तिला ‘वेल्ड लाईन’ हेच नाव रूढ आहे. भोकासाठी बसवलेल्या पिनेला वळसा घालून प्रवाह पुन्हा एकत्र येताना किंवा एकाहून अधिक गेटांतून, म्हणजे द्रव्य पोकळीत शिरण्याच्या तोंडांतून, साचा भरताना ती निर्माण होते. काही लेखक सुमारे १३५ अंशांहून कमी कोनात झालेल्या भेटीलाच वेल्ड लाईन म्हणतात आणि त्याहून मोठ्या कोनातील सांध्याला मेल्ड लाईन असे वेगळे नाव देतात. ही सीमा संकेतापुरती मानणे बरे, कारण त्या कोनापाशी सांध्याचे बळ एकदम बदलत नाही.

सांधा कमजोर का राहतो, याविषयी तीन स्पष्टीकरणे आढळतात. पहिल्यानुसार, रेषेपलीकडे लांब रेणूंचे विसरण, म्हणजे एकमेकांत शिरणे, पुरे होण्याआधीच द्रव्य थिजते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द झेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या, रेणू सापासारखा सरपटतो या कल्पनेवरून असा निष्कर्ष काढला गेला, की स्थिर तापमानास सांध्याचे बळ संपर्ककाळाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात वाढते. साच्यात मात्र तापमान स्थिर नसते; पृष्ठभाग क्षणात थिजतो, तर गाभा बराच वेळ गरम राहतो. दुसऱ्या स्पष्टीकरणात कोंडलेल्या हवेमुळे व थिजलेल्या कडांमुळे पृष्ठभागावर पडणाऱ्या सूक्ष्म खाचेला दोष दिला जातो, तर तिसऱ्यात प्रवाहमुखाशी रेणू रेषेला समांतर ताणले जाण्याला. पॉलिस्टायरीनसारख्या ठिसूळ प्लॅस्टिकबाबत खाचेचा वाटा मोठा दिसतो, कारण पृष्ठभागाचा पातळ थर तासून काढल्यास गमावलेले बळ बरेचसे परत मिळते.

द्रव्याचे व साच्याचे तापमान वाढवल्यास सांधा सहसा सुधारतो आणि हवा निसटण्यासाठी रेषेपाशी व्हेंट दिल्यास खाच उथळ होते. तापमानवाढीला मर्यादा आहे; दाणे ओले असतील तर ती उपयोगी पडत नाही. पॉलिकार्बोनेटचे दाणे सुमारे १२० °से.ला काही तास वाळवून त्यांतील ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणला नाही, तर वितळताना पाण्यामुळे रेणूंच्या साखळ्या तुटतात, आणि मग सांधाच नव्हे, सारी वस्तूच कमजोर होते.

काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचा प्रश्न वेगळा आहे. तेथे तंतू रेषेला समांतर पडतात व ती क्वचितच ओलांडतात. परिणामी सांध्याचे बळ जवळजवळ तंतुविरहित द्रव्याइतके उरते, आणि साचा कितीही तापवला तरी फारसा फरक पडत नाही. अशा वेळी गेटाची जागा बदलून रेषा कमी भाराच्या भागात नेणे हाच खरा उपाय होय.

मापनासाठी दोन्ही टोकांनी भरलेली पट्टी ओढून तोडतात व तिच्या ताणबलाला एका टोकाने भरलेल्या पट्टीच्या ताणबलाने भागतात. मिश्रणविरहित पॉलिप्रॉपिलीनसाठी हे गुणोत्तर बहुधा एकाच्या जवळ असते. परंतु तेवढ्यावरून सांधा निर्धोक ठरत नाही, कारण तुटण्यापूर्वीची लांबीवाढ व आघातबल ताणबलापेक्षा कितीतरी अधिक घटलेले असू शकते.