१७८९ आणि १७९१: फ्रान्सचे दोन जाहीरनामे, कलमं दोन्हींत सतराच

‘स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असायला हवा.’ फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या लेखांत हे वाक्य कित्येकदा १७८९ च्या जाहीरनाम्याच्या नावावर खपवलं जातं. ते तिथलं नाही, १७९१ च्या स्त्रीच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातलं आहे. पण घोळ होणं साहजिक आहे, कारण प्रस्तावना, सतरा कलमं आणि विषयांचा क्रम दोन्हीकडे जवळपास तोच.

पहिला, मानव व नागरिकांच्या हक्कांचा जाहीरनामा, राष्ट्रीय संविधान सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी पूर्ण केला आणि पुढे १७९१ च्या राज्यघटनेच्या आरंभी जोडला. दुसरा, स्त्रीच्या हक्कांचा, नाटककार ओलँप द गूज यांनी सप्टेंबर १७९१ मध्ये स्वतः छापला. सभेने तो मंजूर करावा असं त्यावरच लिहिलं होतं आणि तो राणी मारी आंत्वानेतला उद्देशून होता. सभेने त्याची दखल घेतली नाही. म्हणजे एक घटनेचा भाग आणि दुसरा पत्रक.

फरक बघायचा तर समान क्रमांकाची कलमं शेजारी ठेवावीत. कलम १० दोन्हीकडे मतस्वातंत्र्याचं; वरचं वाक्य गूज यांच्या कलम १० मधलं. त्याला जोडलेली सुव्यवस्था न बिघडवण्याची अट मात्र उद्धृत करणारे हमखास गाळतात. कलम ११ अधिक धारदार आहे. १७८९ मध्ये तिथे विचार मांडण्याचं व छापण्याचं स्वातंत्र्य आहे. गूज तेच स्वातंत्र्य घेऊन थेट घरात शिरतात: आपल्या मुलाचा बाप कोण हे स्त्रीला उघडपणे सांगता आलं पाहिजे. कलम १६ मूळचं असं, की हक्कांची हमी आणि सत्ताविभाजन नसेल तर त्या समाजाला घटनाच नाही. गूज भर घालतात, की राष्ट्रातल्या बहुसंख्य व्यक्तींचा मसुद्यात सहभाग नसेल तर घटना रद्दबातल. घटना तयार होत असताना घातलेला हा घाव आमच्या मते सगळ्यांत नेमका आहे.

१७८९ ने सगळ्या पुरुषांना मत दिलं, हाही गैरसमजच. कलम ६ प्रमाणे कायदा करण्यात सर्व नागरिकांचा वाटा. पण डिसेंबर १७८९ च्या कायद्याने मताधिकार फक्त ‘सक्रिय’ नागरिकांना दिला: पुरुष, वय किमान २५, त्या भागात वर्षभर वास्तव्य, तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर, आणि घरगड्याचं काम नको. गरीब पुरुषही बाहेर राहिले. स्त्रिया तर कोणत्याच अटीने आत येत नव्हत्या. फ्रान्समध्ये त्यांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये.

गूज यांना ३ नोव्हेंबर १७९३ रोजी गिलोटिनखाली मारलं, ते या जाहीरनाम्यासाठी नव्हे. प्रजासत्ताक, संघराज्य की घटनात्मक राजेशाही, हे लोकांनी मतदानाने ठरवावं असं सुचवणारं त्यांचं भित्तिपत्रक खटल्याच्या मुळाशी होतं. मार्च १७९३ च्या कायद्याने राजेशाहीच्या पुनःस्थापनेला चिथावणी देणाऱ्या लिखाणाला मृत्युदंड ठेवला होता.