हतनूरचे दरवाजे आणि सुरतेची भरती

तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की भुसावळकडच्या घरांतून सुरतेला फोन जातो. उधना, लिंबायत, डिंडोली... अर्धा खानदेश तिकडेच राहतो, असं आम्ही गमतीनं म्हणतो. काळजी मात्र गमतीची नाही. तापीच्या खोऱ्याचा सुमारे 80 टक्के भाग महाराष्ट्रात आहे आणि या सगळ्या पाण्याला समुद्र गाठायचा तर सुरतेवरूनच जावं लागतं.

जुनं सुरत बंदर नदीच्या काठी, मुखापासून आत होतं. मुखाशी गाळ फार, म्हणून मोठी जहाजं समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकत आणि माल होड्यांनी वर येई. त्या गाळात आपली काळी माती होतीच. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती तापी पुरात खाली नेते.

1972 मध्ये सुरतेच्या वरच्या बाजूला तापीवर उकाई धरण पूर्ण झालं आणि गाळाचा मोठा वाटा तिथंच अडू लागला. मग सुरतेचं पात्र मोकळं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. 1995 मध्ये सुरतेतच सिंगणपूरला नदीवर बंधारा बांधला. खारं पाणी वर चढू नये, शहराला गोडं पाणी मिळावं, हा हेतू रास्तच होता. पण बंधाऱ्याखाली भरती रोज समुद्राकडचा गाळ आत आणते आणि तो परत लोटून देणारा जोरकस प्रवाह वर्षातले बहुतेक महिने नसतो. पात्र उथळ होत जातं.

त्याच काळात शहर फुगलं. 1961 मध्ये लोकसंख्या 2.88 लाख होती, 2011 मध्ये 44 लाखांवर गेली. हजिऱ्याकडे खाडीकाठी कारखाने, जेट्ट्या आल्या. धरण आहे, काठाला पूर अडवणारे बांध आहेत, म्हणजे पूर येणार नाही, असं धरून पूर पसरायच्या सखल जागीही घरं उठली. माझ्या मते धरणाचा सर्वांत मोठा परिणाम हाच. नदीपेक्षा माणसांचा अंदाज जास्त बदलला.

ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला. उकाई आधीच बरंच भरलेलं. विसर्ग 9 लाख क्युसेकच्या आसपास गेला आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर पाच-सहा मीटर सहज असतं. भरती चढलेली असताना नदीचं पाणी बाहेर पडायला अडतं, मागे तुंबतं.

म्हणून हल्ली आमच्या फोनवर दोन प्रश्न असतात. उकाईतून किती सोडलं, आणि आज भरती किती वाजता आहे?